झाडाची तपासणी सालीपासून व्हावी

महोदय,

दुकानाच्या पाटीच्या किंवा बांधकामाच्या आड येणाऱ्या झाडाच्या बुंध्यावरून सालीचा गोल पट्टा काढून टाकण्याचा प्रकार शहरांत वारंवार दिसतो. तक्रार केली, की पाहणीला आलेले कर्मचारी वर पाहतात, पाने हिरवी दिसतात आणि ‘झाड जिवंत आहे’ असा शेरा मारून तक्रार निकाली निघते. पुढे तेच झाड वाळले, की ते आपोआप वठलेले ठरते आणि तोडण्याची परवानगी मिळते. शेरा मारणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परंतु झाडात पाणी आणि अन्न वेगवेगळ्या मार्गांनी वाहते, हे शाळेत शिकवले जाणारे सत्य पाहणीच्या पद्धतीत उतरलेले नाही.

मुळांनी शोषलेले पाणी लाकडातील जलवाहिन्यांमधून वर चढते. या वाहिन्या मृत पेशींच्या पोकळ नळ्या असतात. पर्णरंध्रांतून बाष्प बाहेर पडते, त्या ओढीने पाण्याचा सलग स्तंभ वर खेचला जातो आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे तो तुटत नाही, अशी उपपत्ती डिक्सन आणि जोली या शास्त्रज्ञांनी 1894 मध्ये मांडली. साल सोलल्यावरही हा मार्ग शाबूत राहतो, म्हणून पाने टवटवीत दिसतात. तुटतो तो दुसरा मार्ग. पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातील रसवाहिन्यांच्या जिवंत पेशींमधून मुळांकडे जाते. पट्टा पूर्ण गोल काढला, की हा पुरवठा थांबतो. मुळे साठवलेल्या पिष्टावर काही महिने, क्वचित एखाददोन वर्षेही तग धरतात. तो साठा संपल्यावर नवी मुळे फुटत नाहीत, पाणी शोषले जात नाही आणि मग पाने वाळतात. पाने वाळणे हे या इजेचे अगदी शेवटचे लक्षण आहे.

आपल्या शेतकऱ्यांना हे नवे नाही. डाळिंबाची गुटी बांधताना, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळ्या फोडून रोप करताना, फांदीची साल गोल काढतात. वरच्या पानांना पाणी मिळत राहते, खाली जाऊ न शकलेले अन्न कापाच्या वरच्या कडेशी साचते आणि तिथेच मुळ्या फुटतात. द्राक्ष बागायतदार मण्यांच्या फुगवणीसाठी गर्डलिंग करतात, म्हणजे सालीचा गोल पट्टा काढतात, मात्र तो पट्टा काही मिलिमीटरच रुंद असतो आणि थोड्याच आठवड्यांत भरून येतो. बुंध्यावरचा वीतभर रुंद पट्टा सहसा भरून येत नाही.

याच अज्ञानातून उलट चूकही होते. ढोली पडलेली जुनी चिंच ‘पोकळ’ म्हणून लगेच तोडायला काढतात. प्रत्यक्षात पाणी मुख्यतः बाहेरच्या ताज्या लाकडातून वाहते, त्यामुळे गाभा नसलेले झाडही वर्षानुवर्षे जगू शकते. ते पडण्याचा धोका किती, हे स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. खिळ्यांविरुद्ध मोहिमा निघतात, त्या योग्यच आहेत, पण एखाद्या खिळ्याची इजा त्या जागेपुरती राहते. रोषणाईच्या माळांची तार किंवा वेळेवर न काढलेले लोखंडी कडे यांपासून धोका मोठा आहे, कारण खोड जाड होत जाते तसे ते सालीत रुतते आणि रसवाहिन्या चोहोबाजूंनी आवळल्या जातात.

महाराष्ट्राच्या 1975 च्या नागरी क्षेत्रांतील वृक्ष संरक्षण कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणेही धरलेले आहे. तेव्हा पट्टा काढलेले झाड हिरवे असतानाच गुन्हा नोंदवता आला पाहिजे. वृक्ष अधिकाऱ्यांच्या पाहणी अहवालात सालीचा पट्टा किती रुंद आहे, बुंध्याच्या किती घेरावर आहे आणि जखम ताजी आहे का, यांची नोंद छायाचित्रासह सक्तीची करावी. जखम ताजी असेल, तर त्याच झाडाच्या काड्या कापाच्या वर आणि खाली सालीत बसवून सेतू कलम करता येते, म्हणजे अन्नाला खाली जायला पुन्हा वाट मिळते. फळबागांत ही पद्धत परिचित आहे. नगरपालिकांनी कलमे बांधणाऱ्या कुशल माळ्यांना या कामासाठी बोलवावे आणि तक्रार आल्यापासून काही दिवसांतच पाहणी करावी, कारण मुळांतला साठा जितका शिल्लक, तितके झाड वाचण्याची शक्यता अधिक.

आपला,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, नाशिक