उष्टावणानंतर काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कुपोषणाच्या बातम्या आपल्या पानांवर येतात त्या बहुतेक मेळघाटातल्या नाहीतर नंदुरबारच्या. त्या यायलाच हव्यात. मी अंगणवाडी चालवते ते गाव केज तालुक्यातलं आहे. इथे चूल पेटत नाही असं घर शोधूनही सापडायचं नाही. ज्वारी घरची, तूर घरची, दारात एखादी शेळी. तरीही सहा महिने ते दोन वर्षं या वयातल्या लेकरांची वाढ इथे खुंटते, आणि ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही म्हणून हे पत्र.

आमच्याकडे उष्टावण थाटात होतं. मुलाचं सहाव्या नाहीतर आठव्या महिन्यात, मुलीचं पाचव्या नाहीतर सातव्या. मामा येतो, चांदीच्या वाटीतली खीर चाटवतो, फोटो निघतात. दुसऱ्या दिवसापासून लेकरू पुन्हा नुसतं अंगावर पितं. मधूनमधून डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज, आणि रडलं की चहात बुडवलेलं बिस्कीट. हे दीड-दोन वर्षांपर्यंत चालतं. भाकरी द्या, भाजी द्या, अंडं द्या म्हटलं की आजी म्हणते, "बाई, त्याला दाढा तरी येऊ द्या. आत्ताच कसं पचंल?" ती मायेनंच म्हणते. जुलाबानं गेलेली लेकरं तिनं पाहिलेली असतात. म्हणून आजीशी मी वाद घालत नाही, तिच्याच घरात बसून करून दाखवते.

वाईट याचं वाटतं की त्याच घरात काय काय शिजत असतं! पावसाळ्यात तांदुळजा, चिगळ, पाथरी. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला, करडईची भाजी, मेथी. उन्हाळ्यात शेवगा. तुरीचं घट्ट वरण, मटकी, हुलग्याचं माडगं, डांगराची भाजी, कारळाची, जवसाची, तिळाची चटणी, शेंगदाण्याचा कूट. दिवाळीच्या आधी बालाघाटची सीताफळं, मग पेरू, बोरं, पपई. हे सगळं मोठ्यांच्या ताटात जातं आणि ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्याच्या हातात बिस्कीट येतं.

गरज का, ते थोडक्यात सांगते. पहिले सहा महिने आईचं दूध पुरतं, त्याआधी दुसरं काही देऊ नये. मुलीचं उष्टावण पाचव्या महिन्यात उरकणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. पण पोटात असताना आईकडून मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो, आणि दुधात लोह अगदी कमी असतं. ते पुढे जेवणातूनच यावं लागतं. आठ किलोच्या लेकराच्या पोटात एका वेळी मोठी वाटीभरच मावतं. ती वाटी डाळीच्या पाण्यानं भरली तर पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. म्हणून वरण चमच्यातून ओघळणार नाही इतकं घट्ट हवं, त्यावर चमचाभर तेल नाहीतर तूप हवं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीनदा, नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा भरवायला हवं. चहा तर नकोच. त्यानं भूक मरते आणि अन्नातलं लोहही अंगी लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं या वयासाठी आहाराचे आठ गट केले आहेत: आईचं दूध, धान्य आणि कंद, डाळी-शेंगदाणे-तीळ, दूध-दही, मांस-मासे, अंडी, पालेभाज्या आणि पिवळ्या-केशरी भाज्या-फळं, बाकीच्या भाज्या-फळं. यातले किमान पाच रोज पोटात गेले पाहिजेत. मी घरी जाते तेव्हा एकच विचारते, काल सकाळपासून रात्रीपर्यंत याच्या तोंडात काय काय गेलं? बोटं मोजायला लागलं की दूध, भात, बिस्कीट यापुढे बोट सरकत नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ६ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी जेमतेम ११ टक्क्यांना पुरेसा आहार मिळत होता. आपल्या राज्याचा आकडा त्याहूनही खाली, दहाच्या आत. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी आणि ६८.९ टक्के रक्तक्षयाची निघाली. एवढी मुलं काही फक्त डोंगरदऱ्यांत राहत नाहीत.

आमच्या वस्तीवरचा एक अकरा महिन्यांचा पोरगा सांगते. वजन ठीक, गालही भरलेले, पण ओठ पांढरे आणि सारखे भिंतीचे पोपडे तोंडात. तपासलं तर रक्त कमी. डॉक्टरांनी औषध दिलं. जेवणाचं मी त्याच्या आईला आणि आजीला चुलीपाशी दाखवलं: बाळाचं वेगळं काही शिजवायचं नाही. तिखट-मीठ घालायच्या आधी घट्ट वरण वाटीत काढून घ्यायचं, त्यात भाकरी कुस्करायची, शिजलेला तांदुळजा घोटून घालायचा, वर तेल, चार थेंब लिंबू. शेंगदाणे अख्खे कधीच नाही, घशात अडकतात. बारीक कूट घालायचा. पहिल्या दिवशी त्यानं थुंकून टाकलं. आई म्हणाली, आवडत नाही त्याला. नवी चव लेकराच्या जिभेवर बसायला आठ-दहा वेळा द्यावी लागते, एवढा धीर धरायचा असतो. आजीनं तो धरला. पोरगा आता चालतो, आणि घरातली भाजी ताटात हात घालून खातो.

अंड्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. नीट उकडलेलं अख्खं अंडं सहा महिन्यांनंतर कुस्करून देता येतं. आमच्याकडे घरच्या कोंबडीची गावरान अंडी बाजारात जातात, आणि त्या पैशातून बिस्किटांचे पुडे येतात. पाच-पाच रुपयांचे दोन पुडे रोज फुटतात, तेवढ्यात एक अंडं येतं. गावात माळकरी घरं पुष्कळ आहेत. त्यांना अंड्याचा आग्रह मी करत नाही, त्यांच्याकडे दही, घट्ट वरण, कूट आणि पालेभाजी यांवर जोर देते. पण जी घरं अंडं खातात त्यांच्या लेकरांना सरकारनं ते का देऊ नये? अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या ७ महिने ते ६ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं नाहीतर केळं देण्याची सोय आहे. आमच्या जिल्ह्यातल्या लेकरांना तीन वर्षांपर्यंत घरी न्यायचं पाकीट मिळतं. महिनोन्‌महिने तीच चव. मोठ्या भावंडांना ते मिळतं, कितीतरी घरी शेळीच्या पुढ्यात जातं. मी आयांना दोष देत नाही. रोज तेच पीठ तुम्ही-आम्ही तरी खाल्लं असतं का?

आणि ऊसतोड. दसरा झाला की टोळ्या निघतात, त्या चैत्रापर्यंत परत येत नाहीत. सात-आठ महिन्यांचं लेकरू आईबरोबर फडात जातं, म्हणजे ज्या वयात वाटीत रोज काहीतरी नवं पडायला हवं नेमकं त्याच वयात ते कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत असतं. आई अंधारातच कोयता घेऊन निघते, बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीजवळ आणि बिस्किटाचा पुडा दोघींजवळ. मी जाणाऱ्या आयांना सातूचं पीठ करून न्यायला सांगते: गहू, हरभऱ्याचं डाळं, शेंगदाणे भाजून बारीक दळायचे. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवलं की झालं. पण पालेभाजी, अंडं, दूध त्यांनी फडात आणायचं कुठून?

आम्ही दर महिन्याला उंची-वजन घेतो, मोबाईलवर भरतो. सप्टेंबरच्या पोषण महिन्यात पाककृतींच्या स्पर्धा होतात, सजवलेल्या थाळ्यांचे फोटो वर पाठवावे लागतात. त्यातली एकही थाळी दहा महिन्यांच्या बाळासाठी नसते. त्या दिवसांत आम्हाला सहा ते तेवीस महिन्यांच्या लेकरांच्या घरी चुलीपाशी बसायला मोकळं सोडावं. अमृत आहारातलं अंडं-केळं सगळ्या राज्यातल्या तीन वर्षांखालच्या मुलांना लागू करावं. आणि ऊसतोडीला गेलेल्या लेकराला कारखान्याच्या परिसरातल्या अंगणवाडीत नाव शोधत बसावं न लागता आहार मिळावा, तिथल्या सेविकेला टोळी येण्याआधी यादी मिळावी. यादी द्यायला आम्ही तयार आहोत. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात, निर्णय त्याआधी व्हावा.

— एक अंगणवाडी सेविका, ता. केज, जि. बीड