परतीचे तीन महिने नकाशात कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला दर्यावर्दींवरचा लेख काल सकाळी वाचला. आज दुपारपर्यंत तो डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. पानभर मजकूर आणि वर मोठा रंगीत नकाशा. लिस्बनहून निघालेली लाल रेघ आफ्रिकेला वळसा घालून थेट कालिकतला टेकते. वाटेत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर लागणाऱ्या मलिंदी बंदराचा साधा ठिपकाही नाही. कालिकतहून परत जाणारी रेघ तर मुळातच काढलेली नाही. वास्को द गामा आला, भारताचा शोध लागला, लेख संपला.

त्या लोकांच्या धाडसाबद्दल माझी तक्रार नाही. ८ जुलै १४९७ ला चार जहाजं घेऊन ते निघाले आणि आफ्रिकेचं दक्षिण टोक ओलांडून अनोळखी पाण्यात वर सरकत राहिले. ते सोपं नव्हतंच. पण हे सगळं आफ्रिकेच्या किनाऱ्याचं झालं. पुढचा, आफ्रिकेपासून आपल्या किनाऱ्यापर्यंतचा खुला समुद्र त्यांनी स्वतःच्या अकलेने पार केलेला नाही. मलिंदीच्या राजाने त्यांना वाटाड्या दिला. २४ एप्रिल १४९८ ला तिथून शिडं उभारली आणि तेवीस दिवस जमीन न दिसता ते मलबारसमोर आले. २० मे ला कालिकतजवळ नांगर पडला. बरोबर पावसाच्या तोंडावर, नैर्ऋत्येचा वारा भरू लागतो तेव्हा. ही वेळ त्या वाटाड्याने साधली होती.

त्या वाटाड्याला तुमच्या लेखात एक ओळही मिळाली नाही. खुद्द पोर्तुगीज इतिहासकारांनी मात्र त्याची दखल घेतली आहे. त्यांनी त्याला गुजराती म्हटलं आहे आणि ‘मालेमो काना’ असा त्याचा उल्लेख केला आहे. गामाने आपलं तारे मापायचं यंत्र त्याच्यापुढे ठेवलं तर त्याला त्याचं नवल वाटलं नाही, उलट त्यानेच हिंदुस्थानच्या किनाऱ्याचा नकाशा उलगडून दाखवला, असं ते लिहितात. (बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी इब्न माजिद या प्रसिद्ध अरब नाविकाचं नाव छापलं जातं. ती नंतर चिकटलेली गोष्ट आहे.) यातलं ‘मालेमो’ म्हणजे मुअल्लिम, म्हणजेच आमच्या बंदरात कच्छी गलबतांवर वाट दाखवायला असायचा तो ‘मालम’. आणि ‘काना’चा संबंध जाणकार लोक ‘गणक’, म्हणजे ज्योतिषी, या शब्दाशी लावतात. म्हणजे हे त्या माणसाचं नावच नव्हे, त्याचा हुद्दा आहे. ज्याच्या भरवशावर ती जहाजं समुद्र ओलांडून आली, त्याचं खरं नाव कोणी टिपून ठेवलं नाही. निदान त्याचं काम तरी पाचशे वर्षांनी आपल्या मराठी वर्तमानपत्रात यायला हवं होतं.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते सांगते. माझे वडील तांडेल होते. मंगळुरी कौलं, मीठ, लाकूड घेऊन त्यांचं गलबत मुंबईपर्यंत जायचं. शाळेत ते गेले नव्हते. मी सातवीत असताना शाळेच्या वाचनालयातून गामाच्या प्रवासाचं एक पुस्तक आणलं होतं. मोठ्याने वाचायची माझी सवय. बाबा ओटीवर बसून दोर वळत होते. कालिकतला झामोरिनाशी, म्हणजे तिथल्या राजाशी, गामाचं बिनसलं, ऑगस्टच्या अखेरीस तो काही माणसं जबरदस्तीने धरून घाईने निघाला, वर अंजदिव बेटाशी येऊन जहाजं डागडुजी केली आणि ५ ऑक्टोबरला आफ्रिकेकडे निघाला, एवढं वाचून झालं आणि बाबांनी हातातला दोर खाली ठेवला.

“कुठल्या महिन्यात म्हणालीस?”

मी म्हटलं, ऑक्टोबर, दसऱ्या-दिवाळीच्या मधलं.

“त्याला कोनी सांगितला नाय?” एवढंच ते म्हणाले. मग मला समजावून सांगू लागले. पावसाचा वारा संपलेला असतो आणि वरचा, उत्तरेचा वारा अजून धरलेला नसतो. मधले हे दिवस फसवे. समुद्र तेलासारखा पडून असतो, शीड डोलकाठीवर लोंबतं, आणि वारा आलाच तर भलतीकडून येतो. आफ्रिकेकडे जाणारी गलबतं कार्तिक सरल्याशिवाय हलत नाहीत, हे त्यांना बंदरात येणाऱ्या कच्छी खलाशांकडून माहीत होतं. महिना-दीड महिना बेटावरच थांबायला हवं होतं, म्हणाले. पाणी होतं ना तिथे? मग घाई कसली? आणि मग, “माणसं मेली असतील त्याची.”

मी अजून ते पान उलटलं नव्हतं. पुढे तेच लिहिलं होतं. गामाबरोबरच्या एकाने रोजनिशी ठेवली होती आणि ती आज उपलब्ध आहे. तो लिहितो की तो समुद्र ओलांडायला तीन महिन्यांना तीन दिवस कमी लागले. कधी वाराच नाही, कधी उलटा वारा. सगळ्यांच्या हिरड्या सुजून दातांवर आल्या, पाय सुजले. तीस माणसं त्या टप्प्यात मेली, तेवढीच आधी मेली होती. दर जहाजावर काम करू शकतील अशी सात-आठ माणसं उरली. आणखी पंधरा दिवस असेच गेले असते तर जहाज हाकायला कोणी राहिलं नसतं, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. ७ जानेवारी १४९९ ला ते कसेबसे मलिंदीला पोहोचले. पुढे ‘साव राफाएल’ हे जहाज त्यांना वाटेत जाळून टाकावं लागलं, कारण ते चालवायला हात नव्हते.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि येताना किती दिवस?”

तेवीस, मी म्हटलं.

“मग येताना जाणता मानूस होता.”

संपादक महोदय, तेवीस दिवस आणि जवळजवळ तीन महिने. समुद्र तोच, जहाजं तीच, कप्तान तोच. फरक होता तो वाऱ्याचं वेळापत्रक माहीत असण्याचा. अक्षरओळख नसलेल्या माणसाने नुसता महिना ऐकून हे ओळखलं. तुमच्या लेखात परतीच्या प्रवासाबद्दल ‘मसाल्यांनी भरलेली जहाजं मायदेशी परतली’ एवढंच आहे. मेलेल्या साठ जणांचा उल्लेख नाही. ते पोर्तुगीज खलाशीच होते ना? त्यांच्यासाठी तरी परतीची रेघ काढायची होती. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण तो नकाशा बघितल्यावर त्यांनी खाली ठेवलेला दोर मला डोळ्यांपुढे दिसला. या रागाचं मूळ तिथे आहे, ते लपवून ठेवत नाही.

‘शोध’ हा शब्द लेखात मी मोजला, अकरा वेळा आला आहे. कालिकतला गामाने पहिला जो माणूस किनाऱ्यावर पाठवला, त्याला तिथे ट्यूनिसचे दोन जण भेटले. ते त्याच्याशी बोलले ते स्पेनकडच्या आणि जिनोव्हाच्या भाषेत. तुला इथे कुठल्या सैतानाने आणलं, हा त्यांचा पहिला प्रश्न. म्हणजे भूमध्य समुद्राकाठची माणसं आधीपासूनच त्या बंदरात वावरत होती. आणि आमच्या रेवदंड्याशेजारच्या चौलचं काय? दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्-मसूदी हा अरब प्रवासी इथे येऊन गेला, तेव्हा ओमान, बसरा, बगदादकडचे व्यापारी इथे घरं करून राहत होते. गामाच्या पंचवीस-तीस वर्षं आधी अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून घोडा घेऊन चौललाच उतरला होता. जुन्नरच्या खानाने त्याचा तो घोडा काढून घेतला आणि मुसलमान झालास तरच परत मिळेल असं सुनावलं. त्या बिचाऱ्याने ऐन पावसाळा जुन्नरला चिखलात काढला. त्याचा स्मृतिस्तंभ आज रेवदंड्यात उभा आहे. तो बघायला तुमचा कोणी प्रतिनिधी आलेला मला आठवत नाही.

याहून जास्त खटकलं ते कार्ताझबद्दलचं, म्हणजे पोर्तुगिजांच्या समुद्री परवान्याबद्दलचं वाक्य. ‘पोर्तुगिजांनी परवाना पद्धत सुरू करून सागरी व्यापाराला शिस्त लावली.’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. शिस्त? शेकडो वर्षं अरब, गुजराती, मलबारी, फारसी जहाजं या समुद्रावर कोणाचा कागद न घेता फिरत होती. बंदरात जकात भरायची, समुद्र मोकळा. पोर्तुगीज आले आणि म्हणाले, आमचा कागद नसेल तर जहाज आमचं, माल आमचा. कागदावर कप्तानाचं नाव, माल, जायचं ठिकाण हे सगळं. मिरी न्यायची नाही, कारण ती त्यांच्या राजाची मक्तेदारी. आणि वाटेत त्यांच्या बंदरात थांबून जकात भरायची. कागदाची फी किरकोळ होती, खरी कमाई त्या जकातीत होती. ज्याच्यापासून संरक्षण हवं त्यालाच संरक्षणाचे पैसे मोजायचे, याला आपल्याकडे खंडणी म्हणतात.

कागद नसलेल्यांचं काय होई, याची जरब आधीच बसवली होती. १५०२ मध्ये याच गामाने मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं ‘मिरी’ नावाचं जहाज मलबारसमोर अडवलं, लुटलं, आणि बायकामुलांसकट शेकडो माणसं आत असताना पेटवून दिलं. हेही पोर्तुगिजांनीच लिहून ठेवलं आहे, शत्रूने रचलेलं नाही. पुढे बाबराची मुलगी, अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली तेव्हा तिलाही या कागदासाठी सुरतेत वर्षभर खोळंबावं लागलं. बादशहाच्या घरच्या बाईची ही कथा. चौलच्या साध्या व्यापाऱ्याने काय भोगलं असेल? लेखात यातलं अक्षर नाही, आणि १५०८ मध्ये इथे चौलसमोर मारल्या गेलेल्या लोरेन्सु द आल्मेदा या पोर्तुगीज सेनानीच्या शौर्याला मात्र अर्धा रकाना आहे.

बटाटा, पाव, काजू, अननस, पगार, चावी, बादली या शब्दांची नेहमीची यादी शेवटी दिली आहे, तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. शब्द आले, आपण घेतले, आपलेच झाले. पण त्याखाली ‘गोवा-दमण सोडल्यास या किनाऱ्यावरून पोर्तुगीज भाषेचा मागमूस पुसला गेला’ असं जे लिहिलं आहे ते साफ चूक आहे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली आजही घराघरात बोलली जाते. ते लोक तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. त्यांच्यातल्या मुली माझ्याबरोबर शाळेत होत्या. मधल्या सुट्टीत आपसात त्याच भाषेत बोलायच्या आणि आमच्याशी वळल्या की आमच्यासारखंच आगरी-कोळी मराठी. चौल १७४० मध्ये मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज निघून गेले आणि ही माणसं मागे राहिली. जवळपास तीनशे वर्षं त्यांनी ती भाषा सांभाळली. तुमच्या लेखकाला लेखासाठी याहून चांगला विषय मिळाला असता का?

आणि जाता जाता फोटोबद्दल. ‘रेवदंड्याचा पोर्तुगीज किल्ला’ म्हणून जो छापला आहे तो कोर्लईचा आहे. डोंगराच्या सोंडेवर, तिन्ही बाजूंनी पाणी, खाली दीपगृह. रेवदंड्याचा कोट सपाटीवर, नारळी-पोफळीच्या बागांमध्ये आहे. दोन्हींच्या मध्ये कुंडलिकेचं मुख आहे. अशीच चूक दोन वर्षांपूर्वी झाली होती, तेव्हाही मी पत्र पाठवलं होतं. ते छापलं नाहीत याबद्दल काही म्हणत नाही, पण फोटो तरी बदलायचा होता.

पत्र लांबलं आहे हे मला कळतं. कापायचंच असेल तर फोटोचा परिच्छेद कापा, कोर्लईचाही कापा. बाबांचा आणि परतीच्या प्रवासाचा भाग मात्र कृपा करून तसाच ठेवा. आणि नकाशा पुन्हा कधी छापलात तर मलिंदीला ठिपका द्या आणि तिथून कालिकतपर्यंतच्या रेघेवर ‘वाटाड्यासह, २३ दिवस’ एवढं लिहा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, रेवदंडा