मारिओच्या चालीलाही संगीतकार आहे

मा. संपादक, स.न.

मी चरईत गेली सतरा वर्षं पेटी आणि कीबोर्ड शिकवते. मागच्या महिन्यात ठाण्यातल्याच एका वादन स्पर्धेत माझ्या बारा वर्षांच्या विद्यार्थिनीने मारिओ गेममधली पाण्याखालची चाल पेटीवर घेतली, चार आवर्तनं सुद्धा झाली नसतील तोच परीक्षकांनी हात वर करून थांबवलं आणि म्हणाले बाळा हे गेमचं म्युझिक आहे, एखादं गाणं येतं का. तिने निमूट भाता बंद केला, खाली उतरली आणि रिक्षात घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. नियमात कोणतीही रचना चालेल असं लिहिलं होतं, फॉर्मवर संगीतकाराच्या रकान्यात आम्ही कोजी कोंडो असं नाव पण भरलं होतं. ते नाव कोणी वाचलंच नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

कोंडो 1984 साली निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीत लागले आणि 1985च्या सुपर मारिओ ब्रदर्सचं संगीत त्यांचं. अख्खा गेम 40 केबीचा, म्हणजे चित्रं, लेव्हल, चाली सगळं धरून, आपल्याला सकाळी व्हॉट्सॲपवर येणारा सुप्रभातचा फोटो सुद्धा बहुतेक वेळा याहून जड असतो. ज्या फॅमिकॉम मशीनवर तो चालायचा त्यात सुरावटीला दोन आवाज, खर्जाला एक, आणि त्या खर्जाला लहान-मोठं करायची सोयच नाही, चालू नाहीतर बंद. चौथा आवाज म्हणजे नुसती खरखर, त्यातूनच सगळा ठेका उभा करायचा. पाचव्यावर रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवता यायचे पण ते जागा खायचे. त्यात परत मारिओने उडी मारली की त्या आवाजासाठी यातलाच एक चॅनल गाण्यातून तेवढ्यापुरता निघून जातो, आणि तरी आपल्याला चाल तुटली असं वाटत नाही, कारण बांधतानाच तसा विचार केलेला आहे.

पेटीवाल्यांना ही अडचण नवी नाही. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही म्हणून आपण कण, म्हणजे शेजारच्या सुराचा निसटता स्पर्श, लावून तिचा भास करतो ना, तसंच त्या काळचे गेमचे संगीतकार कॉर्डला, म्हणजे एकदम लागणाऱ्या सुरांना, आवाज पुरत नाहीत म्हणून तीन सूर एकामागोमाग इतक्या झपाट्याने फिरवायचे की कानाला ते एकत्र लागल्यासारखे वाटायचे. घुमारा हवा असेल तर तीच ओळ दुसऱ्या आवाजात जराशी उशिरा आणि कमी जोरात वाजवायची, साथीचा पेटीवाला गवयाच्या मागून जातो अगदी तशी. आणि लय बघा, 1978च्या स्पेस इन्व्हेडर्स गेममध्ये खाली उतरणारे चारच सूर आहेत, शत्रू कमी होतील तशी त्यांची लय चढत जाते आणि खेळणाऱ्याचे हात घामेजतात. मारिओची पाण्याखालची चाल तीनच्या ठेक्यात आहे, पोहायचं म्हणून झुलती. मुलीला सुरुवातीला सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, सापडत नव्हती, मी म्हटलं मनात दादरा ताल धर, धा धी ना धा ती ना, दोन दिवसांत बसली.

आमच्या लहानपणी नव्वदच्या दशकात भाऊ कॅसेटमध्ये फुंकर मारून गेम लावायचा, त्या चाली अजून तोंडात आहेत पण कोणाच्या ते आम्हाला कधीच कळलं नाही. तिकडे जपानमध्येही नावं दडवायचे, दुसरी कंपनी माणूस पळवेल म्हणून. 1986च्या कॅसलव्हेनियाचं संगीत करणाऱ्यांत किनुयो यामाशिता ही बाई होती, पण गेमच्या नामावलीत संगीतासाठी खोटंच नाव लागलं, जेम्स बनाना. मला हे वाचून खरंच राग आला. मेगा मॅनचं संगीत मानामी मात्सुमाए यांचं, 1991च्या स्ट्रीट फायटर 2चं मुख्यतः योको शिमोमुरा यांचं, त्या ओसाका कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये पियानो शिकलेल्या. माझ्या क्लासमधल्या मुलींना मी ही नावं मुद्दाम सांगते.

बाकी जगाने कधीच मान दिलाय. कोइची सुगियामांच्या ड्रॅगन क्वेस्ट गेमच्या चाली 1987 मध्येच टोकियोत ऑर्केस्ट्राने वाजवल्या, 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला सगळ्या देशांचे खेळाडू गेमच्या संगीतावर चालत आले, आणि 2023 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाने मारिओची मुख्य चाल जतन करायच्या रेकॉर्डिंगच्या यादीत घेतली, गेमचं संगीत त्या यादीत पहिल्यांदाच.

म्हणून ठाण्यातल्या स्पर्धावाल्यांना विनंती आहे, अशी रचना आली तर पूर्ण ऐका, सूर-तालावर मार्क द्या, कमी द्या पण ऐकून द्या. आणि तुमच्या पुरवणीत सिनेमाच्या संगीतकारांवर एवढं छान येतं त्यात एखादा लेख या लोकांवरही येऊ द्या.

मुलीने चाल सोडलेली नाही. पेटीवर एक हात भात्याला जातो म्हणून खर्जाची ओळ तिचा धाकटा भाऊ दुसऱ्या पेटीवर धरतो, तो अजून मध्येच पळतो. गणपतीत आमच्या सोसायटीत दोघं वाजवणार आहेत, त्या परीक्षकांनी हे वाचलं तर त्यांनी जरूर यावं, मी पुढची खुर्ची राखून ठेवते.

एक पेटी शिक्षिका, चरई, ठाणे (प.)