विषय: पोर्टलची अर्धवट सर्टिफिकेट चेन आणि मदतकक्षाची उत्तरं (चौथ्यांदा)

प्रति, व्यवस्थापक, तांत्रिक विभाग

आत्ताच ठेवलेला फोन ४३ मिनिटांचा होता. त्यात बहुतेक वेळ संगीतच ऐकलं. तक्रार पहिल्या फोनवर होती तीच आहे: सर्व्हर बदलल्यापासून आपलं ग्राहक पोर्टल फायरफॉक्स ५२ मध्ये उघडत नाही, 'अननोन इश्युअर' असा एरर येतो.

ब्राउझर जुना आहे, हे मला ठाऊक आहे. विंडोज एक्सपी आणि व्हिस्टावर चालणारी फायरफॉक्सची ती शेवटची आवृत्ती. पण तिला टीएलएस १.२ (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं बोलणं गुप्त ठेवायची पद्धत) येतं, आणि सर्व्हर बदलायच्या आदल्या दिवसापर्यंत हेच पान तिच्यात उघडत होतं. भांडण टीएलएसचं असतं तर 'अनसपोर्टेड व्हर्जन' किंवा 'नो सायफर ओव्हरलॅप' आलं असतं. 'अननोन इश्युअर' म्हणजे बोलणी जुळली, साइटचं ओळखपत्र म्हणजे सर्टिफिकेट हातात आलं, पण त्यावर सही करणाऱ्याचा पत्ता लागला नाही.

तो का लागत नाही, हे बघायला एक मिनिट पुरतं. ओपनएसएसएल या साधनाची एस_क्लायंट कमांड, सर्व्हरनेम आणि शोसर्ट्स हे पर्याय लावून, तुमच्याच पोर्ट ४४३ वर (सुरक्षित वेब जोडणीचं दार) चालवा. 'सर्टिफिकेट चेन'खाली (सही करणाऱ्यांची साखळी) शून्य क्रमांकाची एकच नोंद दिसते, पोर्टलच्या सर्टिफिकेटची. एक क्रमांकावर इंटरमिजिएट, म्हणजे त्यावर सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट, हवं, ते तुम्ही पाठवतच नाही. शेवटी व्हेरिफाय रिटर्न कोड २१, म्हणजे पहिलंच सर्टिफिकेट पडताळता आलं नाही.

"आमच्याकडे ओपन होतंय" हे मला तीन वेळा ऐकवलं गेलं. होणारच. डेस्कटॉपवरचा क्रोम गहाळ इंटरमिजिएट, पोर्टलच्या सर्टिफिकेटमध्ये लिहिलेल्या पत्त्यावरून, स्वतः उतरवून घेतो, आणि नवा फायरफॉक्स अशी इंटरमिजिएट आधीच भरून ठेवतो. म्हणजे तुमची चूक दुसरेच निस्तरतात आणि श्रेय तुमचा मदतकक्ष घेतो. जुना फायरफॉक्स दुसऱ्या साइटवर भेटलेलं इंटरमिजिएट लक्षात ठेवतो, त्यामुळे एका संगणकावर पोर्टल चालतं आणि शेजारच्यावर नाही. 'नवं प्रोफाइल करा' (म्हणजे ब्राउझर कोऱ्या नोंदींनी सुरू करा) या तुमच्या सल्ल्याने ती आठवणही पुसली जाते. जिथे चालत होतं तिथेही बंद पडतं!

आता आजचा संवाद. आधी कॅशे साफ करायला सांगितलं. केली. मग, "मॅडम, कॉम्प्युटरची तारीख २ वर्षं मागे घ्या." मी विचारलं, कशासाठी? "सर्टिफिकेटची डेट मॅच होईल." १ सप्टेंबर २०२० पासून दिलेल्या सर्टिफिकेटची मुदत ३९८ दिवसांपेक्षा जास्त असेल तर क्रोम आणि सफारी ते घेतच नाहीत. म्हणजे २ वर्षांपूर्वी तुमचं आजचं सर्टिफिकेट जन्मालाही आलं नव्हतं. तारीख मागे नेली की एकाचे दोन एरर होतात. हे सांगितल्यावर थोडी शांतता, आणि मग: "खाली अ‍ॅड एक्सेप्शनचं बटण असतं, ते दाबा." बटण नाही, म्हटलं. "असतं मॅडम, नीट बघा." नाही. "स्क्रोल करून बघा ना." ते बटण नाही, कारण तुमचाच सर्व्हर एचएसटीएस हेडर (ही साइट फक्त सुरक्षित जोडणीनेच उघडा, असा हुकूम) पाठवतो, आणि एचएसटीएस असलेल्या साइटवर फायरफॉक्स अपवाद करू देत नाही. तुमच्याच कंपनीने काढलेलं बटण मला दिसत नाही म्हणून माझे डोळे तपासायला निघालात. आणि समजा ते असतं, तरी जिथे पैसे भरायचे त्या पानावर ग्राहकाला इशारा डावलायला शिकवणं हे कुठल्या धोरणात बसतं?

दुरुस्ती सोपी आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये 'एसएसएल_सर्टिफिकेट'च्या ओळीत बहुधा सर्ट.पेम (एकटं सर्टिफिकेट) दिलेलं आहे, तिथे फुलचेन.पेम (इंटरमिजिएटसह) द्या. फाइल हाताने जोडणार असाल तर आधी पोर्टलचं सर्टिफिकेट, त्याखाली इंटरमिजिएट. उलट जोडलं तर सर्व्हरची खासगी किल्ली पहिल्या सर्टिफिकेटशी जुळत नाही म्हणून एनजिनएक्स सुरूच होणार नाही. रूट (साखळीतलं सर्वात वरचं सर्टिफिकेट) घालायची गरज नाही. मग रीलोड करा, आणि काम वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागचा प्रत्येक सर्व्हर त्याच्या आयपीवरून वेगळा तपासा, नाहीतर एक दुरुस्त होईल, बाकीचे तसेच राहतील.

पुन्हा लिहिते, कारण फोनवर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात होते: इंटरमिजिएट तुम्ही पाठवत नाही. ब्राउझर जुना असल्याचा याच्याशी संबंध एवढाच की तो तुमची चूक झाकत नाही.

या कंपनीचं नाव मी आजवर स्वतःहून इतरांना सुचवत आले. ते आता बंद. सात दिवसांत चेन पूर्ण झाली नाही तर नूतनीकरण होणार नाही, आणि हेच पत्र ग्राहक आयोगाकडे जाईल.

उत्तर लेखी द्या. त्यात एस_क्लायंटचं नवं आउटपुट जोडा, नोंदी दोन आणि कोड शून्य. ते नसेल तर फोन करू नका.

— आपली एक ग्राहक (अजून तरी)