अट आधी सांगावी लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या शहरांचा निधी रोखण्याच्या ट्रम्प सरकारच्या इशाऱ्यांच्या बातम्या आपल्या वर्तमानपत्रात अधूनमधून येतात. त्यावर इथल्या आपल्या मंडळींत आणि गावाकडच्या फोनवर एकच वाक्य ऐकू येतं : ‘केंद्राचे पैसे घेता, मग केंद्राचं ऐकायला नको?’ वाक्य सरळ आहे, ऐकताक्षणी पटतं. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महापालिकेच्या लेखा विभागात एकतीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर सॅन फ्रान्सिस्कोला लेकीकडे येऊन-जाऊन असतो. त्या वाक्यात हिशेबाची मोठी चूक आहे, ती दाखवावी म्हणून हे पत्र.

भांडणाचं मूळ थोडक्यात सांगतो. एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातल्या यादवीतून जीव वाचवून आलेल्या लोकांचा प्रश्न या शहरापुढे 1980च्या दशकात उभा राहिला. त्यातून 1989 मध्ये शहराने नियम केला की, परदेशातून आलेल्यांची कागदपत्रं तपासून त्यांना पकडून देण्याच्या केंद्राच्या कामात शहराचे कर्मचारी आणि शहराचा पैसा वापरला जाणार नाही. काही गंभीर गुन्ह्यांचे अपवाद त्यात आहेत. केंद्राने स्वतःची माणसं पाठवून कोणाला पकडलं तर हा नियम त्यांना अडवत नाही. पण घरात चोरी झालेला माणूस पोलीस चौकीत यायला भिऊ नये, खोकल्याने बेजार झालेल्या बाईने दवाखाना टाळू नये, एवढा त्यामागचा विचार. 25 जानेवारी 2017 रोजी ट्रम्प यांनी आदेश काढला की, अशा शहरांना केंद्राचा निधी मिळणार नाही. दुसऱ्यांदा सत्तेवर आल्यावर, 20 जानेवारी 2025 रोजी, पहिल्याच दिवशी त्यांनी तीच भूमिका पुन्हा घेतली.

निधी म्हणजे नेमकं काय, हे पहिल्या आदेशाविरुद्ध शहराने केलेल्या दाव्याच्या 2017च्या निकालपत्रात वाचायला मिळतं. तेव्हा शहराचा वर्षाचा अर्थसंकल्प सुमारे 960 कोटी डॉलरचा होता आणि त्यातले सुमारे 120 कोटी केंद्राकडून येत होते. आपत्कालीन व्यवस्थापन खात्याचा 30 टक्के, समाजकल्याणाचं काम बघणाऱ्या खात्याचा 33 टक्के आणि सार्वजनिक आरोग्य खात्याचा 40 टक्के खर्च त्या पैशावर चालायचा. ज्या नियमावरून राग, त्याच्याशी भूकंपाच्या तयारीचा किंवा म्हाताऱ्यांच्या जेवणाचा काय संबंध?

शहराने सहाव्या दिवशी, 31 जानेवारीला, दावा दाखल केला. शेजारच्या सांता क्लारा काउंटीनेही (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) पाठोपाठ केला. न्यायाधीश विल्यम ऑरिक यांच्यासमोर सरकारी वकिलांनी सांगितलं की, आदेश दोन-चार छोट्या अनुदानांपुरताच आहे, एवढा गहजब कशाला? न्यायाधीशांनी ते मानलं नाही, कारण आदेशाची भाषा तशी नव्हती. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट मान्य केली, जी मी लेकीच्या स्वयंपाकघरात बसून तीनदा वाचली. एक पैसाही अजून कापलेला नसला, तरी कापला जाईल की नाही ही अनिश्चितता हेच शहराचं नुकसान आहे.

ज्याने महापालिकेचं अंदाजपत्रक बांधलंय त्यालाच हे किती खरं आहे ते कळेल. इथे आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं, महापौरांना 1 जूनपर्यंत अंदाजपत्रक मांडावं लागतं आणि जमा-खर्च जुळलाच पाहिजे असं कायद्याचं बंधन आहे. मग ‘येतील बहुतेक’ असे पैसे कुठल्या रकान्यात लिहायचे? आमच्याकडे जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) गेला आणि आम्ही दर महिन्याला वरून येणाऱ्या अनुदानाची वाट बघू लागलो. एका मार्चअखेरीला ते वेळेवर आलं नाही. सफाई कामगारांचा पगार द्यायचा की ठेकेदाराचं बिल, हे ठरवायला आम्ही रात्री नऊपर्यंत बसलो होतो. एक मुकादम दाराशी येऊन उभा राहिला. काही बोलला नाही, नुसता उभा. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. पैसे आठ दिवसांनी आले, पण त्या आठ दिवसांचं नुकसान कुठल्याच ताळेबंदात आलं नाही.

आता ‘केंद्राचे पैसे’ याबद्दल. माझ्या लेकीच्या पगाराच्या चिठ्ठीवर केंद्राच्या कराची वजावट राज्याच्या कराच्याही वर छापलेली असते. ते पैसे तिचे, तिच्या शेजाऱ्यांचे. ते कशावर खर्च करायचे हे अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, ठरवते. राष्ट्राध्यक्षांनी ठरल्याप्रमाणे ते वाटायचे. अनुदानाला अट घालता येत नाही असं मुळीच नाही. पण ती काँग्रेसने घालावी, पैसे घेण्याआधी स्पष्ट सांगावी, ज्या कामासाठी पैसे दिले त्याच्याशी तिचा संबंध असावा आणि ती गळा दाबण्याइतकी जबर नसावी, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 आणि 2012च्या निकालांत सांगून ठेवलंय. आपल्याकडे पंधराव्या वित्त आयोगाने अट घातली होती की, निवडून आलेली संस्था नसेल तर स्थानिक संस्थेला अनुदान नाही. निवडणुका लांबल्या तेव्हा त्या अटीचा जाच झाला, आमचे लोक चडफडले. पण अट अहवालात आधी लिहिलेली होती आणि तिचा संबंध स्थानिक स्वराज्याशीच होता. ती कडू होती, तरी तिला मी अन्याय म्हणणार नाही. मंजूर झालेल्या बससेवेच्या पैशाला मागाहून भलत्याच कामाची अट चिकटवणं, याला मात्र दुसरा शब्द नाही. 1 ऑगस्ट 2018 रोजी अपील न्यायालयानेही हेच उचलून धरलं की, काँग्रेसच्या मंजुरीवाचून राष्ट्राध्यक्षांना असा निधी अडवता येत नाही.

2025 मध्ये हेच सगळं नव्याने. 7 फेब्रुवारीला सॅन फ्रान्सिस्को आणि इतर काही शहरं-काउंट्या न्यायालयात गेल्या, 24 एप्रिलला त्याच ऑरिक यांनी मनाई हुकूम दिला आणि 22 ऑगस्टला तो लॉस एंजेलिस, शिकागो, बॉस्टन यांच्यासह आणखी 34 ठिकाणांना लागू केला. बेघरांसाठीच्या आणि वाहतुकीच्या अनुदानांना जोडलेल्या नव्या अटींविरुद्धचा दावा वेगळा, तो सिएटलच्या न्यायालयात. एक गोष्ट आपल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल : या शहराचा मुख्य वकील मतदार निवडून देतात. सध्या डेव्हिड च्यू आहेत. त्यामुळे महापौर डॅनियल लुरी राष्ट्राध्यक्षांचं नाव घ्यायचंही शक्यतो टाळत असले, तरी न्यायालयातलं काम थांबत नाही.

मात्र न्यायालय सगळं वाचवू शकत नाही. राष्ट्राध्यक्षांनी परस्पर अडवलेला पैसा न्यायाधीश सोडवतील, पण काँग्रेसनेच कायदा करून कपात केली तर? 4 जुलै 2025 रोजी सही झालेल्या कायद्याने गरिबांच्या आरोग्य विम्याचा पैसा असाच कमी केला. म्हणून शहराने दुसरा हातही हलवला. लुरी यांच्या 2025च्या दोन वर्षांच्या अंदाजपत्रकात, सुमारे 80 कोटी डॉलरची तूट असताना, केंद्राचा आणि राज्याचा पैसा आटला तर म्हणून सुमारे 40 कोटी डॉलर बाजूला काढले. त्यासाठी सुमारे 1,400 जागा रद्द करण्याचा प्रस्ताव होता, त्यातल्या बहुतेक रिकाम्या. स्वयंसेवी संस्थांच्या मदतीलाही कात्री लागली. लेखापाल म्हणून मला ही गंगाजळी योग्यच वाटते. पण ती कोणाच्या ताटातून काढली हे विचारलंच पाहिजे.

ते विचारणारे लोक मी जून 2025 मध्ये सिटी हॉलमध्ये पाहिले. घुमटाची ती इमारत 1915ची. वरच्या मजल्यावर लाकडी सभागृहात आपल्या नगरसेवकांसारखे सुपरवायझर बसतात आणि अंदाजपत्रकावर कोणीही बोलू शकतं. नाव, गाव, नागरिकत्व कोणी विचारत नाही. रांग दाराबाहेर गेली होती. माझ्या पुढे चायनाटाउनची एक आजी होती, हातात वहीचं फाडलेलं पान, चारदा घडी घातलेलं. दुभाष्याने सांगितलं की, ती दुपारी म्हाताऱ्यांच्या जेवणाच्या केंद्रावर जाते, तिथली माणसं कमी करू नका म्हणते. तीस सेकंद उरली की हलकी घंटा वाजते, वेळ संपली की मोठी. हलकी घंटा झाल्यावर तिने पान खाली ठेवलं आणि उरलेला वेळ ती समोर बघून बोलली. दुभाष्याने त्याचंही भाषांतर केलं : ‘माझा नवरा तिथेच जेवायचा. आता मी एकटी जाते.’

या रांगेत मला आपलं माणूस एकही दिसलं नाही. आपण कागदपत्रांनी आलो, आपला काय संबंध, असं बरेच जण मला सांगतात. संबंध आहे. बस आपलीही आहे, सार्वजनिक रुग्णालय आपलंही आहे, कर तर आपला आहेच. येत्या जूनमधल्या सुनावणीसाठी मी लेकीला रजा टाकायला लावली आहे. तिला काय बोलायचं ते आम्ही दोघं रोज रात्री जेवणानंतर लिहून काढतो. अजून अडीच मिनिटांचं होतंय. एका मिनिटात बसवायचंय.

आपला नम्र,
एक निवृत्त लेखाधिकारी
(सध्या मुक्काम सॅन फ्रान्सिस्को)