जुगाराविषयीच्या इशाऱ्यांची भाषा बदलायला हवी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झाला आणि त्या खेळांच्या जाहिरातींबरोबर, शेवटी घाईघाईने म्हटली जाणारी ‘आर्थिक जोखीम आहे, व्यसन लागू शकते, जबाबदारीने खेळा’ ही सूचनाही ऐकू येईनाशी झाली. जुगार मात्र संपलेला नाही. राज्याची लॉटरी १९६९ पासून चालू आहे, महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर पैजा लागतात आणि मांडवीच्या पात्रातल्या कॅसिनोंत महाराष्ट्रातून गेलेले पर्यटकही असतात. जो खेळ सरकारच्या परवान्याने चालतो, तो खेळणाऱ्याला सावध कसे करायचे याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला नाही. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशन करताना ही उणीव मला सतत जाणवते, म्हणून हे पत्र.

‘जबाबदारीने खेळा’ या सूचनेत करण्याजोगे काहीच नसते. किती पैसे, किती वेळ, कुठे थांबायचे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ती देत नाही. ज्याचे अजून फारसे नुकसान झालेले नाही, तो स्वतःला जबाबदारच समजत असतो. आणि जो कर्जात बुडाला आहे, त्याला त्या शब्दांत केवळ दोषारोप ऐकू येतो व तो घरच्यांपासून आणखी लपवू लागतो. आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांत पैशांच्या नुकसानीपेक्षा ही लपवाछपवीच अधिक घातक ठरलेली मी पाहिली आहे.

ब्रिटनचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथील सट्टा कंपन्यांनी २०१५ पासून ‘मजा संपली की थांबा’ अशा अर्थाची घोषणा सर्वत्र लावली आणि तीत ‘मजा’ या अर्थाचा शब्द इतर शब्दांहून मोठ्या अक्षरांत छापला. वॉरिक विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये चाचण्या घेतल्या, तेव्हा या घोषणेमुळे लोक कमी पैसे लावतात असे आढळले नाही. पुढे २०२१ मध्ये ती बदलण्यात आली. ज्यांचे उत्पन्न खेळणाऱ्याच्या हरण्यावर चालते, त्यांच्यावरच इशारा लिहिण्याचे काम सोपवले की तो असा निघणार, असे माझे मत आहे. ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये ऑनलाइन सट्ट्याच्या जाहिरातींतून ‘जबाबदारीने जुगार खेळा’ हे वाक्य काढून टाकले आणि सरकारने ठरवलेली सात वाक्ये सक्तीची केली. ‘तुम्ही बहुधा हरणारच आहात’ हे त्यांतलेच एक. त्यात हरण्याचे नाव स्पष्ट घेतले आहे.

इशारा कधी दिसतो, यालाही शब्दांइतकेच महत्त्व आहे. भिंतीवरच्या पाटीकडे थोड्या दिवसांनी कोणी पाहत नाही. पडद्यावर खेळ मध्येच थांबवून, उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ न देणारा आणि ‘हरलेले पैसे परत मिळवण्यासाठी खेळत आहात का?’ असे विचारणारा संदेश अधिक परिणाम करतो, असे अभ्यासांत दिसले आहे. आज तुम्ही किती वेळ खेळलात आणि किती रुपये गेले, हा ज्याचा त्याचा हिशेब समोर मांडला, तर तो कोणत्याही उपदेशापेक्षा लवकर भिडतो.

आकडे सांगण्याचीही एक रीत असते. एकच शून्य असलेल्या रुलेटच्या चक्रावर ३७ घरे असतात आणि एका आकड्यावर जिंकल्यास लावलेली रक्कम परत मिळून वर तिच्या ३५ पट पैसे मिळतात. म्हणजे लावलेल्या प्रत्येक हजार रुपयांतले सरासरी २७ रुपये कॅसिनोकडे राहतात. हीच गोष्ट ‘९७.३ टक्के परतावा’ अशी लिहिली तर ती जवळजवळ बँकेतल्या ठेवीसारखी वाटते. शिवाय एका रात्रीत तेच पैसे पुन्हा पुन्हा लावले जातात, त्यामुळे हजारामागचे २७ रुपये वाढत वाढत खिशातल्या रकमेचा मोठा भाग खाऊन टाकतात. परताव्याऐवजी खेळ किती पैसे ठेवून घेतो हे लिहिले, तर खेळणाऱ्यांना जिंकण्याच्या शक्यतेचा अंदाज अधिक बरोबर येतो, हेही ब्रिटनमधील संशोधनातून पुढे आले आहे.

लॉटरीच्या तिकिटावर एकूण तिकिटे किती आणि त्यांपैकी बक्षीस नसलेली किती, हे बक्षिसाच्या रकमेइतक्याच ठळक अक्षरांत छापावे, अशी माझी राज्य सरकारला विनंती आहे. नंबर एका आकड्याने हुकला की ‘आता लागणारच’ असे मानून पुढच्या सोडतीला दुप्पट तिकिटे घेणारे कितीतरी जण असतात. त्यांच्यासाठी विक्रेत्याच्या खिडकीवर, नेमके पैसे देण्याच्या जागी, ‘मागच्या वेळी एक आकडा चुकला म्हणून या वेळची शक्यता वाढत नाही’ असे साध्या मराठीत लिहिलेले हवे. गोव्याच्या सरकारनेही कॅसिनोंतील संदेश मराठी व कोंकणीतून देणे बंधनकारक करावे आणि त्यांचा मजकूर कॅसिनोचालकांवर सोपवू नये. केवळ संदेशांनी सगळे साधेल असे मी म्हणत नाही. नॉर्वेप्रमाणे नुकसानीची कमाल मर्यादा कायद्याने ठरवणे त्याहून परिणामकारक आहे. परंतु तशी मर्यादा येईपर्यंत निदान इशारा तरी खरा असावा.

असा मजकूर पक्का करण्यापूर्वी तो नियमित खेळणाऱ्यांना आणि जुगारातून बाहेर पडलेल्यांना वाचायला द्यावा, त्यांना त्यातून काय समजले ते विचारावे आणि प्रत्येक संदेशाखाली टेलि-मानस या केंद्र सरकारच्या मोफत मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक छापावा. तेथे मराठीतही बोलता येते.

आपला विश्वासू,
एक समुपदेशक, सातारा