जुळ्यांचा मेंढा घेण्याआधी

चि. सागर यास अनेक आशीर्वाद.

तुझा बेत मामाने मला फोनवर ऐकवला. फलटणहून जुळ्यांच्या जनुकाचा मेंढा आणायचा, मामाच्या दख्खनी मेंढ्यांवर सोडायचा आणि वर्षभरात कोकरं दुप्पट! मामा हवेत आहे. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी उभी नोकरी धनगरांच्या वाड्यांवर, म्हणजे त्यांच्या फिरत्या तळांवर गेली, म्हणून हिशेबातली भोकं मीच दाखवते.

पहिलं म्हणजे, मेंढा बदलला म्हणून आहेत त्या मेंढ्या जुळी देत नाहीत. गुण दिसतो तो त्या मेंढ्याच्या लेकींत. पाच महिने गाभणकाळ, मग जन्मलेली पाट, म्हणजे मादी कोकरू, मोठी होऊन व्यायला दीड-दोन वर्षं. मेंढ्याकडे जनुकाच्या दोन्ही प्रती असल्या तर प्रत्येक लेकीला एक मिळणार. एकच असली तर निम्म्या लेकी कोऱ्या. नराकडे बघून यातलं काहीच कळत नाही, रक्त तपासावंच लागतं. तू कॉलेजात हे शिकलायस, पण मामाला सांगायचं राहिलं असावं.

या जनुकाची वाटचाल मला फार आवडते. ऑस्ट्रेलियात बुरुला नावाच्या एका कुरणावरच्या मरिनो मेंढ्यांना दोन-दोन, तीन-तीन कोकरं व्हायची. माग काढत गेल्यावर तो १७९२-९३ साली कलकत्त्याहून जहाजाने तिकडे गेलेल्या बंगाली मेंढ्यांपर्यंत पोचला. त्यांचे भाऊबंद अजून सुंदरबनात आहेत, ती गॅरोल मेंढी. २००१ मध्ये नेमका बदल सापडला: सहाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात एकच अक्षर वेगळं, आणि त्यामुळे प्रथिनाच्या २४९व्या जागी ग्लुटामीनऐवजी आर्जिनीन. एवढ्यानं बीजपुटकं, म्हणजे अंडाशयातल्या बीजाच्या पिशव्या, लहान असतानाच पिकतात आणि एका माजाला जास्त बीजं सुटतात.

पण गॅरोल म्हणजे दहा-पंधरा किलोचं जनावर. गुडघाभर पाण्यात उभं राहून चरेल, पण आपल्या बाजारात खाटीक त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं खरं कौतुक इथं आहे. १९९०च्या दशकात त्यांनी गॅरोल आणून दख्खनीशी संकर केला आणि पुढची पैदास पुन्हा पुन्हा दख्खनीकडे वळवली. गॅरोलचं रक्त निम्म्यावरून पाव, पावावरून अष्टमांश. प्रत्येक पिढीत जनुक असलेलीच जनावरं पुढे ठेवायची. त्या तपासणीत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची साथ होती. असा नारी सुवर्णा हा वाण तयार झाला (‘नारी’ ही संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं): अंगापिंडानं मोठा, जनुक तेवढा गॅरोलचा.

आता मामाच्या मेंढ्यांकडे ये. दख्खनी एकच कोकरू देते, यात तुला उणीव दिसते. मला त्यात शहाणपण दिसतं, आणि ते एकट्या माणसाचं नाही. दिवाळीनंतर वाडा कोकणाकडे निघतो, रोजची चाल, चारा म्हणजे कापणी झालेल्या रानातलं काडीकस्पट. नुकती जन्मलेली कोकरं घोड्यावर, बाकीची पायी. अशा वाटेवर दोन पिल्लं पाजणारी मेंढी स्वतःच खंगते, पुढचा माज लांबवते, आणि बऱ्याचदा त्यातलं एक कोकरू दगावतं. पिढ्यान्पिढ्या दुष्काळानं आणि चालीनं जी निवड केली, तिच्यातून ही काटक, कमी दुधाची, एका कोकराची मेंढी उरली. पूर्वी सरकारी योजनांतून मरिनो, रॅम्बुले या परदेशी जातींचं रक्त आणलं ते लोकरीसाठी. लोकर मऊ झाली, पण ऊन आणि चाल त्या संकरांना मानवली नाही. शिवाय घोंगडीला काळी, राठ लोकरच लागते.

घोंगडीचं तरी काय राहिलं म्हणा! कातरलेली लोकर आता कुणी विचारत नाही, म्हणून धनगरांनी स्वतःच निवडीचा रोख मटणाकडे फिरवला. माडग्याळ जातीच्या मेंढ्याचं बघ. उंच, पांढरा, अंगावर तपकिरी ठिपके, पोपटासारखं नाक, आणि आटपाडीच्या बाजारात लाखांच्या बोली. वजन झपाट्यानं वाढतं हे खरं, पण पैसे नाकाचे मोजतात. नाकाच्या त्या बाकाला मटण लागत नाही. नाकासाठी एकाच गाजलेल्या मेंढ्याची पैदास जो तो ठेवायला लागला तर सगळे कळप एकमेकांचे सख्खे होऊन बसतील.

जुळ्यांचं जे काही अवघड आहे ते गोठ्यात आहे. मामाकडे गेलास की एखादी जुळं व्यायलेली मेंढी पहाटे बघत बस. थोरलं कोकरू एक सड रिकामा करून दुसऱ्याला लागतं, धाकटं ढुशा मारत राहतं. त्या धाकट्याच्या तोंडात बोट घाल. आत गार लागलं तर ते उपाशी आहे, शेपूट हलवत असलं तरी. त्याला लगेच ऊब दे, मग चीक पाज. ही राखण करायला वाड्यावर एक माणूस मोकळा पाहिजे. मामी एकटी किती करणार?

म्हणून माझं म्हणणं असं. सगळ्या मेंढ्यांवर मेंढा सोडू नकोस. ज्या बाहेर न जाता घरी राहतात, विहिरीच्या पाण्यावरचा लसूणघास आणि कडवळ ज्यांच्या वाट्याला येतं, त्याच निवड. गाभणपणाचा शेवटचा दीड महिना खुराक वेगळा द्यायचा, तो खर्च आधीच वहीत मांड. मेंढा दोन वर्षांनी बदलायचा, नाहीतर तो स्वतःच्या लेकींवर जाईल. आणि चालणाऱ्या कळपाला दख्खनी मेंढाच राहू दे. मामा कुरकुर करेल, करू दे.

मेंढा घेताना रक्ततपासणीचा कागद मागून घे, एक प्रत की दोन ते वाच आणि मला त्याचा फोटो पाठव. तोवर मामाला तारीख सांगू नकोस, नाहीतर तो उद्याच टेम्पो घेऊन फलटणच्या दारात उभा राहील.

तुझी,
आई